प्रोसेसर कोणता घेऊ, बॉस?

हातात ५० हजार, डोक्यात गेमिंग पीसी आणि समोर अख्खा लॅमिंग्टन रोड! एका बोटभर चिपनं डोकं कसं खाल्लं आणि शेवटी उत्तर कुठे सापडलं, त्याची ही गोष्ट. सोबत, तुमचं डोकं शाबूत राहावं म्हणून थोडं ज्ञान.

शनिवार, रात्री साडेदहा. हा आमचा टाइम. कॉलेजचे आम्ही पाच जण. एक ठाण्यात, एक पुण्यात, एक बंगळुरूत, एक थेट टोरांटोत आणि मी डोंबिवलीत. हिवाळ्यात टोरांटोवाल्याकडे तेव्हा दुपारचे बारा वाजलेले असतात. तो जेवणाचं ताट घेऊनच लॉग-इन होतो. गेम ‘व्हॅलोरंट’, टीम पाच जणांची, कानाला हेडफोन. खरं सांगू? गेम हे निमित्त. कोणाचं अप्रेझल बोंबललं, कोणाचं लग्न ठरतंय, कोणाच्या बाबांची बायपास झाली, हे सगळं आम्हाला एकमेकांना गोळ्या घालता घालताच कळतं.

२०२३ च्या पावसाळ्यात माझ्या लॅपटॉपनं मान टाकली. म्हणजे बंद पडला नाही. वर्डमध्ये लेख लिहायला ठणठणीत, पण गेम लावला की धाप लागायची. सेकंदाला जेमतेम तीस फ्रेम्स. त्यात कोणी स्मोक टाकला की थेट स्लाइड शो! मी वळून बघेपर्यंत मेलेली असायची. टीम हरायची आणि कोणी काही बोलायचं नाही, हे जास्त लागायचं.

मग एका शुक्रवारी ग्रुपवर मेसेज आला : ‘तू टेन्शन घेऊ नको. ह्या वीकेंडला माझा एक कलीग खेळेल.’ पुढच्या वीकेंडला पण तोच खेळला. त्याच्या पुढच्या वीकेंडला मला कोणी विचारलंच नाही. पाचवी जागा भरली होती!

त्या रात्री मी बँकेचं अॅप उघडलं. फ्रीलान्सिंगच्या दोन वर्षांत बाजूला टाकलेले ५० हजार होते. हीच माझी बचत, हाच माझा इमर्जन्सी फंड. ठरवलं, पीसी असेंबल करायचा. आणि पहिल्याच पायरीवर आपटले. प्रोसेसर कोणता?

तीन प्रश्न

माझी डिग्री मास कॉमची. कॉम्प्युटरच्या डब्यात काय असतं याच्याशी आपला संबंध कधी आलाच नाही. पण प्रत्येक घरात एक असतोच ना, ज्याला नातेवाइकांचे वायफाय दुरुस्त करायला बोलावतात? आमच्या घरात तो म्हणजे माझा मावसभाऊ. तेव्हा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याला फोन लावला आणि एका दमात विचारलं, “पन्नास हजारांत बेस्ट प्रोसेसर कोणता?”

“ताई, हा प्रश्नच चुकीचा आहे,” तो म्हणाला. “आधी तू मला तीन गोष्टी सांग. कुठले गेम खेळणार? स्क्रीन कुठला आहे? आणि गेम सोडून मशीनवर काय करणार?”

मी म्हटलं, मुख्य ‘व्हॅलोरंट’. कधीतरी ‘सायबरपंक २०७७’ खेळायची इच्छा आहे. आणि पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं बनवलेला ‘राजी’ २०२० पासून माझ्या यादीत पडून आहे. स्क्रीन म्हणजे लॉकडाऊनमध्ये घेतलेला २४ इंची फुल एचडी मॉनिटर, ७५ हर्ट्झचा. आणि काम म्हणशील तर लेख, इंटरव्ह्यूचं रेकॉर्डिंग आणि थोडंफार व्हिडिओ एडिटिंग.

“झालं तर मग! अर्धे प्रोसेसर इथेच बाद,” तो म्हणाला.

आता ह्यात बाद काय झालं, मला कळेना. तेव्हा त्यानं मला पंगतीचा फंडा सांगितला, आणि तो मला जन्मभर पुरणार आहे.

पंगतीतले काका

लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणा. एक काका मध्यभागी उभे राहून ओरडतायत, “इकडे पुरी! तिकडे मठ्ठा! मुलाकडची मंडळी बसलीयेत, जिलबी फिरवा!” आणि वाढपी बादल्या घेऊन धावतायत. गेममध्ये काका म्हणजे प्रोसेसर आणि वाढपी म्हणजे ग्राफिक्स कार्ड. कोण कुठे पळाला, गोळी कुठे लागली, भिंतीमागून कोण येतंय, हा सगळा हिशोब प्रोसेसर करतो आणि कार्डाला सांगतो, आता हे चित्र काढ. कार्ड ते काढतं. अशी एक पंगत उठली की एक फ्रेम झाली.

सेकंदाला ६० फ्रेम्स हव्या असतील तर एका पंगतीला वेळ मिळतो साधारण १६.७ मिलिसेकंद. १४४ हव्या असतील तर फक्त ६.९! काका स्लो असतील तर वाढपी बादल्या घेऊन नुसते उभे. वाढपी कमी असतील तर काका घसा फोडतायत आणि पानं रिकामी. दोघांतला जो हळू, त्याच्या वेगानं पंगत चालणार. बाकीच्याला दिलेला पगार फुकट.

आता गंमत बघा. ‘व्हॅलोरंट’मधली चित्रं साधी असतात, त्यामुळे वाढप्यांना काम कमी आणि काकांची कसोटी जास्त. ‘सायबरपंक’मध्ये प्रत्येक डबक्यात निऑनचं प्रतिबिंब. तिथे सामान्य कार्ड आधी दमतं. ‘एल्डन रिंग’ तर ६० फ्रेम्सच्या वर जातच नाही, मग काका कितीही तगडे आणा. आणि माझा मॉनिटर सेकंदाला ७५ चित्रंच दाखवू शकतो. मशीननं अडीचशे काढली तर मशीनचं कौतुक. क्लिकला प्रतिसाद थोडा लवकर मिळेल, स्पर्धेत उतरणाऱ्याला त्याचं मोल असेलही. पण माझ्यासारख्या शनिवारच्या खेळाडूनं त्यासाठी दहा हजार जास्त मोजायचे?

आणि कोर? सहा कोर म्हणजे सहा काका. पण एकाच पंगतीत सोळा काका ओरडायला लागले म्हणून पुरी लवकर येत नाही. बहुतेक गेमना आजही चार-सहा दमदार कोर जास्त आवडतात. गिगाहर्ट्झचंही तेच. इंटेलचा पेंटियम ४ हा २००४ सालीच ३.८ गिगाहर्ट्झला पोचला होता. २०२२ च्या आय३-१२१००एफचा मूळ वेग कागदावर ३.३ आहे, पण दोघांची शर्यत लावणं हा पेंटियमवर अन्याय होईल. कारण नवीन पिढीचा कोर एका ठोक्यात कितीतरी जास्त काम उरकतो. म्हणून गिगाहर्ट्झची तुलना एकाच पिढीत करा, आजोबा आणि नातवात नको.

चलो लॅमिंग्टन रोड

डिसेंबरातला शनिवार पकडला (रविवारी तिथली बरीच दुकानं बंद असतात, उगाच हेलपाटा होईल). डोंबिवलीहून फास्ट लोकलनं दादर, तिथून वेस्टर्नची स्लो पकडून ग्रँट रोड. मावसभाऊ सोबत होताच. पाटीवर ह्या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण तुम्ही टॅक्सीवाल्याला ते नाव सांगून बघाच. ज्या रस्त्यावर मिनर्व्हा थिएटरात ‘शोले’ वर्षानुवर्षं चालला, तिथे आता गल्लीगल्लीत मदरबोर्ड विकले जातात. खोके डोक्यावर घेऊन पळणारी पोरं, जिन्याखालची टीचभर दुकानं, आणि प्रत्येक दारात एकच प्रश्न, “क्या चाहिये, बॉस?”

हा प्रश्न मावसभावाला, बरं का. पैसे माझे, पर्स माझ्या खांद्याला, पण रॅमचा भाव सांगणार त्याला. तिसऱ्या दुकानात मी विचारलं, “इसका एल३ कॅश कितना है?” काउंटरमागच्या माणसानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. आदल्या रात्रीची घोकंपट्टी वसूल!

पहिला गळ पडला तो ‘आय७’चा. “मॅडम, आय७ है. फुल सेट, स्वस्तात.” बाहेरून चकाचक. मावसभावानं खाली बसून स्टिकर वाचला. आय७-२६००, म्हणजे २०११ चं मॉडेल. कुठल्यातरी ऑफिसातून निवृत्त झालेलं. चार कोर, आठ थ्रेड, नाव भारदस्त. पण वर सांगितलेल्या आय३ मध्ये पण तेवढेच कोर आणि तेवढेच थ्रेड आहेत, आणि तो अकरा वर्षांनी तरुण आहे. शिवाय विंडोज ११ अशा म्हाताऱ्याला अधिकृतपणे दारातच उभं करत नाही. (आणि विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाच.) तात्पर्य : आय३, आय५, आय७ ही आडनावं आहेत. जन्मसाल विचारा!

दुसरा गळ होता ‘ट्रे पीस’. खोका नाही, पंखा नाही, नुसता प्रोसेसर प्लास्टिकच्या डबीत. हजारभर रुपये कमी. खोक्यातल्या प्रोसेसरला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. ट्रे पीसला बऱ्याचदा फक्त दुकानदाराचा शब्द. तिसरा गळ ‘बिना बिल’. १८ टक्के जीएसटी वाचणार, असं दुकानदार डोळे मिचकावून सांगतो. पण बिल नाही तर वॉरंटीसाठी भांडणार कुठल्या कागदावर? दोन्हींना आम्ही लांबूनच नमस्कार केला.

‘सेम है मॅडम’

खरी परीक्षा चौथ्या दुकानात झाली. आम्ही मागितला एएमडीचा रायझन ५ ५६००. दुकानदारानं समोर ठेवला ५६००जी. “सेम है मॅडम. ऊपर से ग्राफिक फ्री. और हजार रुपया कम.”

फुकट मिळतंय आणि वर पैसे कमी? मी खूश. मावसभाऊ मात्र लालबुंद. “ताई, सेम नाहीये!”

झालं असं की दोन्हीत सहा कोर आणि बारा थ्रेड, दोन्ही एकाच घराण्यातले. पण ५६०० मध्ये ३२ एमबी एल३ कॅश आणि ५६००जी मध्ये निम्मी, १६ एमबी. कॅश म्हणजे काय? गॅसशेजारचा मिसळणाचा डबा. मोहरी-हळद-हिंग हाताशी असलं की फोडणी जळत नाही. रॅम म्हणजे मागच्या खोलीतली फडताळं आणि एसएसडी म्हणजे कोपऱ्यावरचा वाणी. डबा लहान असला की दर दोन मिनिटांनी मागच्या खोलीत पळा. गेमना हा डबा मोठा लागतो. एएमडीनं २०२२ मध्ये ५८००एक्स३डी काढला, तो ९६ एमबीचा डबा लावून, तो काय उगाच?

पण ‘जी’ची एक गोष्ट खरीच होती. त्याच्या पोटात स्वतःचं ग्राफिक्स आहे. साध्या ५६०० ला ते नाही. वेगळं कार्ड लावलं नाही तर स्क्रीनवर काहीच दिसणार नाही, चक्क अंधार. ‘जी’ला कार्ड न लावताही ‘व्हॅलोरंट’सारखा हलका गेम कमी सेटिंगवर आरामात चालतो.

आम्ही समोरच्या टपरीवर कटिंग घेतला आणि वही काढली. त्या दिवशी मिळालेले भाव मांडले. रॅम, एसएसडी, पॉवर सप्लाय आणि कॅबिनेट मिळून १३,३०० रुपये, हे तिन्ही हिशोबांत सारखंच.

पहिला हिशोब : आय३-१२१००एफ ८,५००, बोर्ड ६,५००, वर आरएक्स ६६०० कार्ड २०,०००. एकूण ४८,३००.

दुसरा हिशोब : रायझन ५ ५६०० १२,५००, बोर्ड ६,५००, तेच कार्ड. एकूण ५२,३००. म्हणजे बजेटच्या बाहेर.

तिसरा हिशोब : ५६००जी ११,५००, बोर्ड ६,५००, कार्ड नाहीच. एकूण ३१,३००.

मावसभावाचं मत पहिल्या हिशोबाला. “ताई, आजच्या आज ‘सायबरपंक’ चालेल. गेमसाठी हाच बेस्ट. नंतर वाटलं तर त्याच बोर्डावर मोठा प्रोसेसर बसव.” आणि तो चूक नव्हता. नुसता फ्रेम्सचा विचार केला तर ह्या तिघांतला मला परवडणारा बेस्ट तोच होता.

पण मी वहीत आणखी एक आकडा लिहिला. पहिल्या हिशोबात माझ्याकडे उरणार होते १,७०० रुपये. तिसऱ्यात १८,७००.

तुम्हाला दर महिन्याच्या शेवटी पगाराचा एसएमएस येत असेल तर हा आकडा कदाचित दिसणार नाही. मला दिसला. आमचं वन रूम किचन भाड्याचं, महिना ९,००० रुपये. घरात मी आणि आई. फ्रीलान्सरचा चेक म्हणजे पाऊस. येणार हे नक्की, कधी ते वेधशाळेला पण माहीत नाही. १,७०० रुपये हातात ठेवून मी शनिवारी रात्री मित्रांशी खेळायला बसले असते, आणि डोक्यात घरभाडं फिरत राहिलं असतं.

मी तिसऱ्या हिशोबाला गोल केला. मावसभाऊ ग्रँट रोड स्टेशनपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

डायनिंग टेबलावरचं ऑपरेशन

मात्र ‘जी’ घ्यायचा तर त्याचे लाड पण समजून घ्या. त्याच्या पोटातलं ग्राफिक्स रॅममधूनच जागा उसनी घेतं, त्यामुळे रॅम जितकी चपळ तितका गेम चपळ. दुकानदार १६ जीबीची एकच पट्टी देत होता. आम्ही ८-८ च्या दोन घेतल्या. दोन पट्ट्या म्हणजे दोन रस्ते, एक पट्टी म्हणजे एकेरी वाहतूक. बाकी हिशोब तोच राहिला, फरक मात्र डोळ्यांना दिसतो. बोर्ड बी४५० चा होता. हा चिपसेट २०१८ चा, प्रोसेसर २०२१ चा. म्हणून खोक्यावर ‘रायझन ५००० रेडी’ असा स्टिकर आहे का, ते आधी तपासलं. नसता तर बायोस अपडेट करून घ्यावं लागलं असतं. आणि कार्ड नसतानाही पॉवर सप्लाय चांगला ५५० वॉटचा घेतला, पुढच्या पाहुण्याची सोय म्हणून.

रविवारी डायनिंग टेबलावर पेपर अंथरून असेंब्ली सुरू. एएम४ च्या प्रोसेसरला पोटाखाली केसासारख्या बारीक १,३३१ पिना असतात. एक वाकली की अकरा हजारांचं पेपरवेट! कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा, खाचा उघडायच्या आणि चिप नुसती ठेवायची. दाबायची नाही. स्वतःच्या वजनानं ती आत बसते. मी श्वास रोखून ठेवली. बसली.

आई मागे उभी. चष्मा वर करून तिनं विचारलं, “हे एवढंसं? केवढ्याला?”

“साडेअकरा हजार.”

“अगं, दोन ग्रॅम सोनं आलं असतं!”

पहिल्यांदा सुरू केला तेव्हा रॅम आपल्या मूळ संथ गतीनं चालत होती. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू केलं, तेव्हा ती ३२०० ला आली. हे किती लोक विसरतात, मावसभावाला विचारा! (हो, तोवर तो बोलायला लागला होता.)

शनिवारी साडेदहाला मी ग्रुपवर टाकलं, ‘एक जागा आहे का?’ दोन मिनिटं कोणी उत्तर देईना. मग टोरांटोवाल्याचा रिप्लाय आला, ‘मी तसाही जेवतोय, ये.’ कमी सेटिंग, फुल एचडी, स्मोकमध्येसुद्धा गेम अडखळला नाही. आम्ही मॅच हरलो. मी शेवटून दुसरी. पण ह्यावेळी दोष लॅपटॉपवर ढकलता आला नाही, एवढंच.

मग पाऊस लांबला

२०२४ च्या मार्चमध्ये एका मोठ्या कामाचे पैसे अडकले. ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ असं ऐकत चार महिने गेले. त्यातल्या दोन महिन्यांचं घरभाडं बाजूला राहिलेल्या १८,७०० रुपयांतून गेलं. आईला मी काही सांगितलं नाही. बहुतेक तिला कळलं होतं, कारण त्या दोन महिन्यांत तिनं सोन्याचा विषय काढला नाही.

पैसे आले, थोडे जमले आणि २०२४ च्या दिवाळीत मी आरएक्स ६६०० घेतलं. ‘सायबरपंक’ मध्यम सेटिंगवर मस्त चालतो. ‘राजी’ पण पूर्ण केला. आता प्रामाणिकपणे सांगते. माझ्या मशीनमध्ये साधा ५६०० असता तर काही गेममध्ये आणखी फ्रेम्स मिळाल्या असत्या. लहान डब्याची किंमत मी मोजतेय. पण ७५ हर्ट्झच्या स्क्रीनवर मला ती क्वचितच दिसते. तेवढ्यासाठी मी रडणार नाही.

म्हणून आता मला कोणी विचारलं की बेस्ट प्रोसेसर कोणता, तर मी पण मावसभावासारखी तीन प्रश्न विचारते. फक्त त्यात एक चौथा घालते : पीसी घेतल्यावर बँकेत किती उरणार?

आज घ्यायचा असेल तर

चित्र बदललंय, म्हणून माझी यादी कॉपी करू नका. एएम४ हे सॉकेट संपत आलेलं घराणं आहे. २०१७ च्या पहिल्या रायझनपासून ५८००एक्स३डीपर्यंत सगळे त्यात बसले. सप्टेंबर २०२२ मध्ये एएम५ आलं, आणि त्याला निदान २०२७ पर्यंत साथ देऊ, असं एएमडीनं जाहीर केलंय. म्हणजे आज छोटा प्रोसेसर घेऊन उद्या मोठा बसवण्याची सोय तिथे जास्त. रायझन ५ ७६०० (२०२३) हा त्यातला समंजस मुलगा. ह्याच्या पोटात स्क्रीन पेटण्यापुरतं ग्राफिक्स आहे, गेमसाठी नाही. माझ्यासारखं कार्डाशिवाय सुरू करायचं असेल तर २०२४ चा ८६००जी बघा. त्याचं ग्राफिक्स ५६००जीपेक्षा बरंच ताकदवान आहे. इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटमध्ये १२, १३ आणि १४ ह्या तीन पिढ्या बसतात. त्यानंतर २०२४ मध्ये त्यांनी डेस्कटॉपसाठी नवं सॉकेट आणलं.

पण एक मोठा ‘पण’ आहे. एएम५ ला डीडीआर५ रॅमच लागते. आणि २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटर्सनी मेमरीचा असा फडशा पाडला की रॅमचे भाव जगभर भडकले. तेव्हा प्रोसेसरचा एकट्याचा भाव बघू नका. प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम हे त्रिकूट एकत्र धरून बेरीज करा. घरात डीडीआर४ च्या पट्ट्या पडून असतील तर एएम४ किंवा डीडीआर४ चा एलजीए१७०० बोर्ड हा अजूनही शहाणपणाचा सौदा ठरू शकतो.

चौकट : शेपटीतलं अक्षर वाचा!

एफ : पोटात ग्राफिक्स नाही. कार्ड लागणारच. (इंटेल, आणि एएमडीचा ७५००एफसुद्धा.)

जी : एएमडीचा, पोटात दमदार ग्राफिक्स. ५००० च्या मालिकेत कॅश मात्र निम्मी.

के : इंटेलचा, वेग वाढवण्याची मुभा. बजेटवाल्यांनी पुढे सरका.

एक्स : एएमडीचा, थोडा जास्त वेग, थोडी जास्त किंमत.

एक्स३डी : कॅशचा डबाच डबा. गेमिंगचा राजा, खिशाचा वैरी.

चौकट : घरच्या घरी टेस्ट

जुना पीसी आहे आणि कळत नाही की काका स्लो आहेत की वाढपी? गेममध्ये रिझोल्यूशन एकदम खाली आणा. फ्रेम्स धडाधड वाढल्या तर कार्ड दमलंय, प्रोसेसर ठीक आहे. फ्रेम्स होत्या तिथेच राहिल्या तर काका थकलेत. आधी ही टेस्ट, मग खरेदी. कित्येकांचे पैसे इथेच वाचतील.

ता. क.

शनिवारचा ग्रुप आता सहा जणांचा आहे. तो ‘कलीग’ भला माणूस निघाला, त्याला काढणार कसं? आम्ही पाळी लावलीय. दर मॅचला एक जण बाहेर बसून बाकीच्यांना शिव्या देतो.

आणि आई? २०२५ मध्ये सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेलं तेव्हा तिनं पेपर माझ्यापुढे सरकवला. “बघ. तुझे ते दोन ग्रॅम आज दुपटीच्या पुढे गेले असते.”

मी पण तयारीत होते. म्हटलं, “आई, त्याच्या शेजारी लावलेल्या रॅमचे भाव पण वाढलेत, माहितीये?”

तिनं चष्मा काढला. “हो का? मग वीक!”